बेरा नॉर्मल, तरी मूल बोलत नाही: आता कोणत्या तपासण्या कराव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंड्याकडचे कुटुंब, मुलगा पावणेतीन वर्षांचा. शब्द जेमतेम सहा-सात, दोन शब्द जोडून अजून बोलत नाही. जन्मल्यावर इस्पितळातच ओएई (आतल्या कानाच्या पेशींची चाचणी) झाली होती, त्यात 'पास'. नुकतीच बेरा (आवाज कानातून ब्रेनस्टेमपर्यंत, म्हणजे मेंदूच्या देठापर्यंत, पोचतो का ते पाहणारी चाचणी) झाली. रिपोर्टवर 'दोन्ही कानांत ३० डेसिबलला पाचवी लहर मिळाली, श्रवण सामान्य' एवढेच लिहिले आहे. आजी-आजोबा त्याच्याशी मराठीत बोलतात, आईवडील कोंकणीत, बालवाडीत इंग्रजी. आता एका ठिकाणी सीएईपी (आवाजाला मेंदूच्या श्रवणकेंद्राचा प्रतिसाद) आणि ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) करून घ्या असे सुचवले आहे. मेंदूच्या या चाचण्यांतून न बोलण्याचे कारण सापडेल का, असे आई विचारते.

या दोन चाचण्यांतून सापडेल असे वाटत नाही. पण त्याआधी झालेल्या बेराचा रिपोर्ट नीट पाहायला हवा, कारण 'श्रवण सामान्य' हा निष्कर्ष एका ओळीच्या रिपोर्टवरून काढता येत नाही.

बेरा एवढेच सांगते की कानात सोडलेला आवाज श्रवणनसेतून ब्रेनस्टेमपर्यंत वेळेत आणि क्रमाने पोचतो का, आणि किती हळू आवाजापर्यंत हे घडते. मुलाला शब्द कळतो का, तो लक्ष देतो का, त्याला बोलावेसे वाटते का, हे सगळे ब्रेनस्टेमच्या वर ठरते. तिथवर बेराची नजर जात नाही. बेरा नॉर्मल असलेले मूल स्वमग्न असू शकते, त्याला नुसता भाषाविकास विलंब असू शकतो, बौद्धिक वाढ मागे असू शकते. इतकेच काय, त्याला अंशतः कमी ऐकूही येत असू शकते. हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त वेळा सुटतो, म्हणून आधी त्याकडे वळतो.

आलेख कसा तयार होतो

कपाळाच्या वरच्या भागावर एक इलेक्ट्रोड, दोन्ही कानांमागच्या हाडावर एकेक आणि कपाळावर खाली एक अर्थिंगचा. कानात फोमची इअरटिप, तिच्यातून 'टक-टक' असा क्लिकचा आवाज, सेकंदाला साधारण २० ते ३० वेळा. प्रत्येक क्लिकनंतरच्या पहिल्या १० मिलिसेकंदांत श्रवणमार्गातून पाच ठळक लहरी उमटतात. पहिली श्रवणनसेतली, तिसरी साधारण कॉक्लियर न्यूक्लियसपाशी (ब्रेनस्टेममधला श्रवणमार्गाचा पहिला थांबा), पाचवी त्याहून वरच्या टप्प्यावरची. जेवेट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये माणसातल्या या लहरींचे जे वर्णन केले, त्यातले लहरींचे रोमन क्रमांक आजही तसेच वापरले जातात.

अडचण अशी की पाचवी लहर अर्धा मायक्रोव्होल्टही भरत नाही आणि मूल नुसते जागे असले तरी मेंदू व स्नायूंचा विद्युत गोंगाट तिच्या कित्येक पट असतो. म्हणून एका पातळीवर १५०० ते २००० क्लिक देऊन सरासरी काढतात. गोंगाट क्लिकच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. २००० क्लिकला साधारण ४५ पट. तो आणखी निम्मा करायचा तर क्लिक चौपट लागतात. त्यामुळे चुळबुळ करणाऱ्या मुलावर नुसता वेळ वाढवून फारसे साधत नाही, मूल झोपले पाहिजे. सेकंदाला २७ क्लिकच्या वेगाने २००० क्लिकना सव्वा मिनिट लागते. प्रत्येक पातळी दोनदा नोंदवायची, दोन कान, प्रत्येकी चार पातळ्या, म्हणजे निव्वळ क्लिकची बेराच २० मिनिटांची झाली. वेगवेगळ्या स्वरांची, म्हणजे एकेका उंचीच्या आवाजाची, घ्यायची तर पाऊण तास ते तास आणखी. दहा मिनिटांत 'बेरा झाली' असे कुणी सांगितले तर त्यात काय वगळले ते विचारावे.

तुमचा रिपोर्ट हातात घेऊन काय बघायचे

पहिले, आलेख जोडलेला आहे का. नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आलेखात प्रत्येक पातळीला दोन रेषा एकमेकींवर बसलेल्या दिसल्या पाहिजेत. एकच रेष असेल आणि तिच्यावर 'व्ही' (रोमन पाच) असे लिहिले असेल तर ती लहर खरी की गोंगाटातला उंचवटा, हे सांगता येत नाही.

दुसरे, आवाज हळू होत गेला तशी पाचवी लहर उजवीकडे सरकते का. दर १० डेसिबलला साधारण ०.३ ते ०.४ मिलिसेकंद उशीर होतो. ८० डेसिबलला ती पावणेसहाच्या आसपास असेल तर ३० ला साडेसात मिलिसेकंदांच्या घरात यायला हवी. सगळ्या पातळ्यांवर ती एकाच जागी उभी असेल तर ती लहर नाही. चुळबुळ करणाऱ्या मुलात कानामागच्या स्नायूची आकुंचने १२ ते १५ मिलिसेकंदांच्या आसपास मोठा उंचवटा देतात. तो सवयीच्या डोळ्यालाही फसवतो.

तिसरे, पहिल्या आणि पाचव्या लहरीतले अंतर. मोठ्यांत ते साधारण ४ मिलिसेकंद असते, नवजात बाळात ५ च्या जवळ, आणि दीड-दोन वर्षांपर्यंत मोठ्यांसारखे होते. तुमचा मुलगा पावणेतीनचा, म्हणजे त्याला मोठ्यांचेच निकष लागू. सगळ्या लहरी सारख्याच उशिरा आल्या पण अंतर नेहमीचे राहिले, तर दोष बहुधा कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात, म्हणजे मळ, इअरटिप नीट न बसणे, पडद्यामागचे पाणी. अंतरच वाढले असेल तर प्रश्न नसेचा किंवा ब्रेनस्टेमचा.

चौथे, आणि इथेच खरी मेख आहे: ही क्लिकची बेरा होती की स्वरांची? क्लिकला मिळणारा प्रतिसाद मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातून येतो. ५०० हर्ट्झला बराच श्रवणतोटा असूनही क्लिकची पाचवी लहर ३० डेसिबलला छान दिसू शकते. उलट, ४००० च्या वर एकदम घसरण असली तरी खालच्या भागातून लहर मिळून जाते. 'स', 'श', 'फ' हे आवाज त्या वरच्या पट्ट्यातले. ते ऐकू न येणारे मूल हाक मारल्यावर वळते, टीव्ही ऐकते, नाचते, आणि शब्द मात्र उशिरा व अर्धवट उचलते. म्हणून ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे टोन-बर्स्ट (एकेका स्वराचे तुटक आवाज) वेगवेगळे तपासायला हवेत. झोप कधी मोडेल याचा भरवसा नसतो, तेव्हा क्रम असा ठेवतात: आधी २०००, मग ५००, दोन्ही कानांचे हे झाले की ४००० आणि १०००. त्याऐवजी एएसएसआर (सलग दिलेल्या स्वरांना मिळणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी) केली तरी चालते. तिथे प्रतिसाद यंत्र संख्याशास्त्राने ठरवते, डोळ्याने ओळखावा लागत नाही. फार मोठ्या तोट्यात तिचा उपयोग जास्त, सौम्य तोट्यात मात्र तिची शहानिशा करून घ्यावी.

शिवाय बेराचे ३० आणि श्रवणआलेखाचे (ऑडिओग्रामचे) ३० एक नसतात. ५०० हर्ट्झला बेराची पातळी खऱ्या श्रवणापेक्षा १० ते १५ डेसिबल वर येते, ४००० ला फरक नगण्य. रिपोर्टात ही दुरुस्ती केली आहे की नाही, ते लिहिलेले असावे.

जन्मताची 'पास' ओएई

ओएई कॉक्लियाच्या (आतल्या कानातल्या शंखाच्या) बाह्य केसपेशी काम करतात का ते सांगते. ती जन्मतः पास असणे म्हणजे त्या दिवशी त्या पेशी ठीक होत्या. सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग, मेंदुज्वर, आतल्या कानाच्या रचनेतला दोष, काही आनुवंशिक कारणे यांनी श्रवण नंतरही घसरते. कान वाहणे, सततची सर्दी यांनी तर अधूनमधून घसरतच असते.

ओएई आणि बेरा यांची जोडी तोडू नये असे का म्हणतात, याचे कारण ऑडिटरी न्यूरोपथी. यात केसपेशी शाबूत, ओएई पास, पण नसेतले संदेश एकसाथ जात नाहीत आणि बेराच्या लहरी येतच नाहीत किंवा पार विस्कटलेल्या येतात. मुदतीआधी जन्म, रक्त बदलण्याइतकी कावीळ, जन्मतः प्राणवायू कमी पडणे, अतिदक्षता विभागातला मुक्काम, अशी पार्श्वभूमी अनेकदा असते, काही वेळा ओटीओएफ या जनुकाचा दोष. अशा मुलाची नुसती ओएई केली तर ते 'ठीक', नुसती बेरा केली तर 'पूर्ण बहिरे', आणि दोन्ही उत्तरे चूक.

इथे तंत्राची एक बारीक चूक वारंवार होते. क्लिकची ध्रुवता (आवाजाचा दाब आधी वाढतो की कमी होतो) आलटून-पालटून दिली तर आलेख स्वच्छ दिसतो, पण कॉक्लियर मायक्रोफोनिक नावाचा केसपेशींचा प्रतिसाद त्यात रद्द होऊन जातो. म्हणून लहरी मिळत नसतील तेव्हा मोठ्या आवाजाला एकदा नुसती कंडेन्सेशन (दाब वाढवणारी) आणि एकदा नुसती रेअरफॅक्शन (दाब कमी करणारी) अशी नोंद घ्यायची. दोन्ही रेषा सुरुवातीला आरशातल्यासारख्या उलट्या दिसल्या आणि आवाज कमी करूनही जागेवरून हलल्या नाहीत, तर तो मायक्रोफोनिक. मग इअरफोनची नळी चिमटीत दाबून तीच नोंद पुन्हा घ्यायची. नळी दाबल्यावर तो नाहीसा झाला तर खरा, तसाच राहिला तर तो यंत्राच्या तारेतून आलेला. या तीन नोंदींना पाच मिनिटे लागतात, आणि त्यांवर मुलाला श्रवणयंत्र द्यायचे की नाही, दिले तर किती आवाजाचे, हे अवलंबून असते. न्यूरोपथीत बेरावरून श्रवणाची पातळी काढताच येत नाही.

तुमच्या मुलाला ३० डेसिबलला पाचवी लहर खरोखर असेल तर न्यूरोपथीचा प्रश्न बहुतेक मिटला. राहतात ते सौम्य तोटा, वरच्या स्वरांकडे घसरता तोटा आणि मधल्या कानातले पाणी.

या शेवटच्याकडे गोव्यात जास्तच लक्ष हवे. जूनपासून चतुर्थीपर्यंत बालवाडीतली निम्मी मुले सर्दीने ओढलेली असतात. पडद्यामागे साचलेला चिकट द्रव श्रवण २०-३० डेसिबलनी खाली आणतो, दुखत नाही, बाहेरून दिसत नाही. म्हणून टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी) हवीच. ती दोन मिनिटांची, झोप न लागणारी तपासणी आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती १००० हर्ट्झच्या स्वरावर करतात, तुमच्या मुलाला नेहमीच्या २२६ वर. सपाट 'बी' आलेख आला तर त्याच दिवशीच्या बेरावर हवेतून आणि हाडातून अशा दोन्ही मार्गांनी नोंद घेऊन फरक पाहावा. हाडाचे यंत्र ५०-६० डेसिबलच्या पुढे भरवशाचा आवाज देत नाही, पण इथे तेवढा पुरतो.

झोप, तेल आणि वीज

पुन्हा बेरा करायची वेळ आली तर तयारीवर निम्मा निकाल ठरतो. आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, दुपारची झोप तपासणीच्या खोलीसाठी राखा. काणकोण, पेडणे किंवा वाळपईहून बांबोळीला येताना गाडीतच मूल झोपते आणि गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) दारात टक्क जागे होते. मागच्या सीटवर कुणीतरी बसून त्याला खेळवत आणायचे, हाच उपाय. नेहमीची चादर, बाटली बरोबर घ्या.

आदल्या दिवशी डोके धुवा आणि त्यानंतर खोबरेल लावू नका. आजीला हे आवर्जून सांगा. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड चिकटत नाही आणि रोध (विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली येत नाही. कपाळावर पावडर नको, तीट नको. कातडी खरखरीत जेलने हलकी घासतात, थोडी लाल होते, संध्याकाळपर्यंत जाते. प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमच्या आत असावाच, पण दोन इलेक्ट्रोडांतला फरकही २ च्या आत हवा. एक १ वर आणि दुसरा ५ वर असेल तर आसपासच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आलेखात शिरतो. ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, एसी हे नेहमीचे गुन्हेगार. पावसाळ्यात वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की आलेख एकाएकी खडबडीत होतो. अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर घेऊन पुढे जावे किंवा नोंद थांबवावी. तशा आलेखावरून 'लहर नाही' असे लिहू नये.

झोप येत नसेल तर ट्रायक्लोफॉसचे सिरप देतात. बेराच्या लहरींवर त्याचा लक्षणीय परिणाम होत नाही. मात्र ते वजन करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि बोटाला ऑक्सिजनचा मापक लावूनच द्यायचे. घरून देऊन निघू नये, 'उलटी झाली म्हणून पुन्हा अर्धा चमचा' असे स्वतःच्या मनाने करू नये. मूल घोरत असेल, टॉन्सिल मोठे असतील, हृदयाचा किंवा फिटचा त्रास असेल तर आधीच सांगा.

इअरटिपमध्ये मळ अडकला की २०-३० डेसिबलचा खोटा तोटा तयार होतो. अपेक्षेपेक्षा वाईट निकाल आला तर आधी टिप काढून पाहायची, मग मुलाकडे संशयाने पाहायचे.

आता सीएईपी आणि ईईजीबद्दल

सीएईपी आवाज मेंदूच्या श्रवणकेंद्रापर्यंत पोचला का ते पाहते. बेरात १० मिलिसेकंदांत सगळे संपते, इथे शेकडो मिलिसेकंदांचा मामला. लहान मुलात पी-१ नावाची लहर मुख्य. बाळात ती २००-३०० मिलिसेकंदांवर येते आणि वयाबरोबर अलीकडे सरकते. मूल जागे पण शांत हवे, आवाज बंद केलेला व्हिडिओ बघत बसवतात. झोपेत ही लहर बदलते, त्यामुळे झोपेचे औषध देऊन केलेल्या सीएईपीवर निर्णय घेऊ नये.

तिचा खरा उपयोग तीन ठिकाणी आहे. न्यूरोपथीत, जिथे बेरा मुकी झालेली असते. श्रवणयंत्र लावल्यावर बोलण्याचे आवाज मेंदूपर्यंत जातात का हे पाहायला. आणि अनेक अपंगत्वे एकत्र असलेल्या मुलात, ज्याची वागणुकीवरून चाचणी घेता येत नाही. तुमच्या मुलात यांपैकी काही दिसत नाही. लहर मिळाली तर जे माहीत आहे तेच कळेल. मूल रडले-हलले म्हणून मिळाली नाही, तर तुम्ही विनाकारण घाबराल. एमएमएन (सारख्या आवाजांत मध्येच वेगळा आवाज आल्यावरची मेंदूची लहर) आणि 'दा' या अक्षरावरची स्पीच-बेरा संशोधनात उपयोगी आहेत. मुलांच्या गटागटांत त्यांतून फरक दिसतात, पण एका मुलाचे निदान त्यांवर ठरवता येत नाही. स्वमग्नतेचे निदान बेराच्या आलेखावरून करतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका. आणि 'ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे लेबल साधारण सात वर्षांच्या आत लावू नये, त्याच्या चाचण्याच तोवर मुलाला झेपत नाहीत.

ईईजीला एक पक्के कारण आहे: आलेली भाषा गेली असेल तर. बोलणारे मूल हळूहळू बोलणे सोडते, हाकेला वळेनासे होते, जणू बहिरे झाले असे वाटते, पण बेरा स्वच्छ असते. लँडो आणि क्लेफनर यांनी १९५७ मध्ये असे अपस्माराशी जोडलेले भाषालोपाचे वर्णन केले. ते बहुधा ३ ते ७ वर्षांत सुरू होते आणि गाढ झोपेतल्या ईईजीत दिसते, जागेपणीच्या अर्ध्या तासाच्या नोंदीत निसटू शकते. फिट येणे, मध्येच टक लावून थिजणे, हीदेखील कारणे. यांपैकी काही असेल तर झोपेतली ईईजी करा, आणि जमल्यास एकाच औषधाच्या झोपेत बेरासोबत. काहीच नसेल तर नको. काही निरोगी मुलांच्या ईईजीतही टोकदार लहरी सापडतात आणि मग नसलेल्या आजाराची औषधे सुरू होतात.

तुमच्या बाबतीत क्रम

प्रथम टिंपॅनोमेट्री आणि नवी ओएई. त्याच आठवड्यात वागणुकीवरची श्रवणचाचणी. पावणेतीन वर्षांचे मूल 'आवाज आला की ठोकळा डब्यात टाक' हा खेळ दोन-तीन बैठकांत शिकते. नाही जमले तर आवाजाकडे वळल्यावर दिवा लागणारे खेळणे दाखवून घेतात. ही चाचणी मुलाला खरोखर काय ऐकू येते ते सांगते, म्हणून ती बेरापेक्षा कमी मोलाची समजू नका. जर्गर आणि हेज यांनी १९७६ मध्येच बजावले होते की एका चाचणीचा निकाल दुसरीने पडताळल्याशिवाय मुलाच्या श्रवणाबद्दल बोलू नये. दोन्ही जुळल्या नाहीत किंवा खेळ जमलाच नाही, तर स्वरांची बेरा.

घरी ताट पाडून मूल दचकते का हे बघण्यात अर्थ नाही. तेवढा आवाज बऱ्यापैकी बहिऱ्या मुलालाही जाणवतो, शिवाय फरशीतून हादरा पोचतो. त्याऐवजी मागे उभे राहून, सावली किंवा श्वास त्याच्यापर्यंत जाणार नाही असे, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात आ, ई, ऊ, म्म, श्श, स्स हे सहा आवाज एकेक करून काढा, आधी एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून. पंखा आणि टीव्ही बंद. प्रत्येकाला तो थबकतो का, वळतो का, हे कागदावर लिहा. 'श' आणि 'स' ला दर वेळी काहीच नसेल तर तो कागद श्रवणतज्ज्ञांना दाखवा.

तीन भाषांमुळे उशीर होतो, ही समजूत काढून टाका. मात्र शब्द मोजताना तिन्ही भाषांतले एकत्र मोजा: 'उदक' आणि 'पाणी' दोन्ही म्हणत असेल तर ते दोन शब्द. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, ती सगळ्या भाषा मिळून. तुमचा आकडा तशाही हिशेबाने फार कमी आहे, म्हणून 'बाबाही उशिरा बोलला होता' यावर थांबू नका. आजीने मराठी सोडावी, आईने कोंकणी सोडावी, असा सल्ला मिळाला तर तो मानू नका. ज्या भाषेत तुम्ही सहज बोलता तीच मुलाला भरपूर मिळते.

याच सुमारास बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. तो बोटाने दाखवतो का, दाखवून तुमच्याकडे बघतो का, खोटा-खोटा चहा पितो का, सांगितलेले न खुणावता समजते का. चिप्सच्या पाकिटाच्या आवाजाला दुसऱ्या खोलीतून धावत येणारे आणि नावाने हाक मारली की न वळणारे मूल असेल तर कानाच्या तपासण्या वाढवण्याआधी स्वमग्नतेची तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि भाषाविलंब दोन्ही येतात, तेव्हा अंगणवाडी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातूनही पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळू शकते.

स्पीच थेरपी मात्र यांपैकी कशासाठीही थांबवू नका, पहिल्या भेटीपासूनच सुरू करा. टिंपॅनोमेट्रीत 'बी' आला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करा, शक्यतो सर्दी नसताना. द्रव तेव्हाही तसाच असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि द्रव गेल्यावर श्रवणचाचणी नव्याने करावी लागते, जुना आकडा धरता येत नाही. पुढच्या बेराला जाताना कागदावर लिहून न्या: प्रत्येक कानाचे चारही स्वर, दोन-दोन रेषांचा आलेख, रोधाचे आकडे, मूल झोपले होते की जागे, आणि कुठली नोंद झोप मोडल्यामुळे राहून गेली.